सगळेच चंदू

बसा. खुर्चीत बसा, सतरंजीवर बसा. पाठ ताठच हवी असं नाही, भिंतीला टेकलात तरी चालेल. भिंतीचं काम पुढे पडणारच आहे. फोन उपडा ठेवा. आजचं मनन भावाबद्दल आहे. कुणाच्या भावाचा फोन नेमका अशा वेळी येतो, कुणाच्या भावाचा कित्येक वर्षांत आलेला नसतो, आणि मन दोन्हींनी सारखंच हलतं.

श्रवण, मनन आणि निदिध्यासन या तिघांत मनन मधलं. ऐकलेलं लगेच मान्य करायचं नाही आणि झटकूनही टाकायचं नाही. चरून आलेली गाय लिंबाच्या सावलीत बसते आणि सकाळचा चारा पुन्हा तोंडात आणते, तसं सावकाश चघळायचं. मी मधूनमधून 'थांबा' म्हणेन. तिथे खरंच थांबा, चारदोन श्वास जाऊ द्या आणि मग पुढची ओळ वाचा. एक सवलत आधीच देऊन ठेवतो: हसू आलं तर दाबू नका. भावांची भांडणं आतून बघितली तर जीव घेतात आणि चार पावलं लांबून बघितली तर हसवतात. आज ती चार पावलं मागे जायचं आहे, आणि मग परत आत यायचं आहे.

•

डोळ्यांसमोर एक घर आणा. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागातलं, गुलमंडीच्या आसपासच्या एखाद्या गल्लीतलं. हे घर कुणा एकाचं नाही. अशी दोनचार घरं तुम्ही पाहिली असतील, त्यांचंच मिळून एक करा. दगडी जोतं, सागवानी चौकट, मधे अंगण. वडील जाऊन अकरा वर्षं झालीत. अंगणाच्या मधोमध विटांची भिंत आहे. ती थोरल्यानं बांधली, म्हणून तिला गिलावा फक्त थोरल्याच्या बाजूनं आहे. धाकट्याच्या बाजूला विटा उघड्या. "भिंत आमची नाही, आम्ही कशाला लिंपावी?" हा धाकट्याचा मुद्दा, आणि तो अगदीच चुकीचा नाही. तुळस थोरल्याच्या वाट्याला आली, मोरी धाकट्याच्या. त्यामुळे थोरल्याकडचं सांडपाणी भिंतीच्या बुडाशी ठेवलेल्या भोकातून धाकट्याच्या मोरीत जातं, आणि धाकट्याची बायको संध्याकाळी भिंतीवरून डोकावणाऱ्या तुळशीच्या शेंड्याला हात जोडते. वृंदावनात निम्मा हक्क मागणारी वकिलाची नोटीस गेलेली आहे. वडिलांच्या श्राद्धाला गुरुजी एकच. ते एका दारातून बाहेर पडतात, दुसऱ्या दारातून आत शिरतात आणि त्याच वडिलांना दुसऱ्यांदा जेवू घालतात. हयातीत वडील इतकं कधी जेवले नव्हते.

या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. पैठणला जायकवाडीचं एवढं मोठं धरण, त्याच्या जलाशयाला नाव नाथसागर, आणि तो इथून जेमतेम पन्नास किलोमीटर. तरी पाण्याचा दिवस आठवड्यानं उजाडतो, कधी त्याहून उशिरा, आणि पुष्कळदा तो दिवस म्हणजे रात्र असते. थोरल्याचा नळ गल्लीच्या तोंडाशी, म्हणून आधी त्याला कळतं. दोघं बोलत नाहीत. पण रात्री दोनला नळातून हवेचा पहिला फुत्कार निघाला की थोरला उठतो, लोखंडी बादली उचलतो आणि भिंतीवर दोनदा आपटतो. पलीकडे दिवा लागतो. मोटार सुरू होते. अकरा वर्षांत या बादलीबद्दल दोघांपैकी कुणी चकार शब्द काढलेला नाही. कोर्टाच्या एकाही कागदात ती नाही.

थांबा. बादलीचा आवाज ऐका.

•

आता घरातून निघून नाटकाला जाऊ. संत एकनाथ रंगमंदिरात चला किंवा तापडियात, जिथे मन आधी पोचेल तिथे. अंधार होतो. पडदा वर जातो आणि समोर महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' सुरू होतं. १९८५ साली विजया मेहतांनी ते पहिल्यांदा रंगभूमीवर आणलं. त्याच कुटुंबाची गोष्ट एलकुंचवारांनी पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त'मध्ये नेली, आणि १९९४ मध्ये 'आविष्कार'साठी चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग, जवळजवळ नऊ तासांत सादर केली. हे कुलकर्णी आपल्याच शहरातले. ते आणि प्रशांत दळवी इथे 'जिगीषा' नाट्यसंस्थेत घडले आणि मग मुंबईला गेले. विदर्भातल्या वाड्याचं दुखणं समजायला मराठवाड्यातल्या माणसाला फार वेळ लागला नसणार. दोन्हीकडचे वाडे एकाच पद्धतीनं पडतात: बाहेरचा चिरा हलत नाही, आधी आतलं माणूस हलतं.

धरणगावकर देशपांड्यांचे तात्याजी गेलेत. थोरला भास्कर घर सांभाळतो, म्हणजे मुख्यतः किल्ल्या सांभाळतो. सुधीर मुंबईहून बायकोला घेऊन आला आहे. मुंबईत तोही कसाबसाच तग धरून आहे, पण गावाला तो मुंबईवाला. चंदू लग्नाविना राहिलेला, घरातली ओझी उचलणारा. बहीण प्रभा, जिचं शिक्षण अडवलं गेलं. ट्रॅक्टर गंजत उभा आहे. तेराव्याला गावाला जेवू घालायचं, कारण देशपांड्यांच्या इभ्रतीचा प्रश्न. आणि त्याचा खर्च कुणी करायचा, यावर भावाभावांत जे सुरू होतं ते बघताना हसू फुटतं. बापाचे दिवस अजून व्हायचेत आणि मुलं पंगतीचा हिशेब करताहेत! हसता हसता आपण हळूच बाजूला बघतो. हा असला हिशेब आपणही कधीतरी केलेला असतो, आणि शेजारच्या खुर्चीतल्या बायकोला तो तोंडपाठ असतो.

श्रीराम लागूंनी १९७० साली दिग्दर्शित केलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे'त रमाकांत आणि उमाकांत हे भाऊ बापाला दारू पाजून त्याच्या लपवलेल्या पैशांचा पत्ता काढतात. तिथे हसू घशातच अडकतं. पण म्हणून ती माणसं कुठल्या वेगळ्या मुलखातली आहेत असं समजू नका. भास्कर-सुधीरच्या गावाहून रमाकांत-उमाकांतच्या गावाला एसटी जाते, आणि वाटेत थांबे फारसे नाहीत.

आता एक प्रश्न घ्या. या वाड्यात तुम्ही कोण? भास्कर, सुधीर की चंदू?

थांबा. उत्तर वर येऊ द्या.

आलेलं उत्तर मला बहुधा माहीत आहे. चंदू. सभागृहातला प्रत्येक भाऊ स्वतःला चंदू समजतो. जो घरी राहिला तो म्हणतो, हे सगळे उडून गेले, म्हाताऱ्या माणसांची उष्टीखरकटी, दुखणीबाणी मी काढली, मी चंदू. जो शहरात गेला तो म्हणतो, मला कुणी छदाम दिला नाही, दहा बाय दहाच्या खोलीत संसार काढला आणि गावी आलो की पाकीट उघडायला मीच, मी चंदू. खुद्द नाटकातल्या चंदूला मात्र कुणी विचारत नाही, आणि तोही सांगत बसत नाही.

हे आजच्या मननाचं सूत्र म्हणून धरून ठेवा: भावांच्या भांडणात एक चोर आणि एक साव अशी जोडी क्वचितच असते. दोन चंदू असतात. बघणाऱ्याला म्हणूनच ते विनोदी वाटतं, आणि म्हणूनच ते मिटत नाही. चोराला समजावता येतं. चोरी माझीच झाली असं दोघंही म्हणत असतील, तर पंच कुणाच्या घराची झडती घेणार?

•

या शहराचे जुने दगडही हेच सांगतात. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकीच्या जागी हे शहर वसवलं. १६५३ च्या सुमाराला दख्खनचा सुभेदार म्हणून शहजादा औरंगजेब इथे आला आणि शहराला त्याचं नाव पडलं. २०२३ मध्ये ते बदललं. नावांचा वाद आज बाजूला ठेवू. बादशहाही नको. आज फक्त पस्तिशीतला एक मधला मुलगा बघायचा आहे, बापानं लांबच्या कामगिरीवर पाठवलेला.

मुमताजमहलच्या पोटचे चार भाऊ. दारा १६१५ चा, शुजा १६१६ चा, औरंगजेब १६१८ चा, मुराद १६२४ चा. दारा बापाच्या डोळ्यांसमोर, दरबारात. औरंगजेब इथे, पिचलेल्या सुभ्यात, पैशांसाठी पत्रांमागून पत्रं लिहीत. त्या पत्रव्यवहारात एक प्रकरण आंब्यांचं आहे. बऱ्हाणपूरला शहाजहानच्या खास आवडीचं एक आंब्याचं झाड होतं. त्याची फळं वेळेवर उत्तरेला पाठवायची जबाबदारी मुलावर. फळं हवी तशी पोचली नाहीत, तेव्हा बापानं आळ घेतला की चांगले आंबे तूच खाल्लेस. मुलाला खुलासा धाडावा लागला. हिंदुस्थानचा पातशहा आणि त्याचा सुभेदार, मधे शेकडो कोसांचं अंतर, आणि विषय आंबा! हसून घ्या. आणि मग बघा, आमरसाच्या वाटीवरून, आंब्याच्या कोयीवरून तुमच्या घरात झालेलं आणि आजवर न मिटलेलं काही आठवतं का.

थांबा.

पुढचं हसण्यासारखं नाही. सप्टेंबर १६५७ मध्ये शहाजहान आजारी पडला. ऑक्टोबरात औरंगजेबाची बायको दिलरस बानू इथे, याच शहरात, वारली. तिची कबर म्हणजे बीबी का मकबरा. फेब्रुवारी १६५८ मध्ये औरंगजेब सैन्य घेऊन इथून उत्तरेला निघाला. धाकट्या मुरादला त्यानं आपल्या बाजूला घेतलं आणि दोघांनी मिळून सामूगढला दाराचा पराभव केला. थोड्याच दिवसांत मथुरेजवळच्या छावणीत मुरादला मेजवानीला बोलावलं, आणि झोपेतून तो उठला तो कैदी होऊन. १६५९ मध्ये दाराला दिल्लीच्या रस्त्यांतून मळक्या हत्तीवर फिरवलं आणि मग मारलं. शुजा आराकानकडे पळाला तो परत आला नाही. मुरादला १६६१ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मारलं. बाप आग्र्यात कैदेत होता. त्या कैदेतल्या बापाला मुलगा पत्रं लिहीत राहिला, आणि त्यांत एक तक्रार येतेच: तुमचा जीव दारावर होता, माझ्यावर नव्हता.

इथे जरा रेंगाळा. तख्त मिळालेलं आहे. भाऊ संपलेत. बाप कुलपाआड आहे. वाटणीत आता मागायचं काही उरलेलं नाही, आणि तरी हा माणूस चंदूच आहे. जे हवं होतं ते तख्तात नव्हतं, म्हणून तख्त मिळून ते मिळालं नाही.

इथून पंचवीसेक किलोमीटरवर, खुलताबादला, त्याची कबर आहे. माथ्यावर छप्पर नसलेली, साधी, मातीची. १७०७ मध्ये तो अहमदनगरला वारला. बापाची माती सुकायच्या आत त्याच्या मुलांनी तोच प्रयोग पुन्हा लावला: त्याच वर्षी जाजऊच्या रणात मुअज्जमशी लढताना आझम पडला, दोन वर्षांनी कामबख्श. संहिता तीच, नट बदललेले.

•

खुलताबादचा घाट उतरला की वेरूळ. कैलास लेण्याच्या अंगणात उभे राहा. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, डोंगर वरून खाली खोदत हे देऊळ मोकळं केलं. मंडपाच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर ओळींनी रामायण कोरलं आहे, उत्तरेकडच्या भिंतीवर महाभारत. एका देवळाच्या दोन कुशींना भावांच्या दोन गोष्टी. एकीत भरत मिळालेली गादी घेत नाही, भावाच्या पादुका तिच्यावर ठेवतो. दुसरीत दुर्योधन सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन द्यायला तयार नाही. देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या वाटेत दोन्ही भिंती येतात. एकच भिंत बघून परत फिरायची सोय तिथे नाही.

रामायणाच्या पटात वानरांची दाटी आहे. त्यांच्याकडे बघत वाली आणि सुग्रीव आठवा. वालीचं म्हणणं असं: मी गुहेत राक्षसाशी झुंजत होतो आणि या भावानं गुहेच्या तोंडावर धोंडा लावला, जाऊन माझ्या गादीवर बसला. सुग्रीवाचं म्हणणं असं: मी वर्षभर गुहेच्या तोंडाशी वाट पाहिली, आतून रक्त वाहत आलं, भाऊ गेला असं समजून रडत परतलो, गादीवर मला मंत्र्यांनी बसवलं. दोघंही खोटं बोलत नाहीत. धोंडा एकच आहे. एका बाजूनं तो दगा दिसतो, दुसऱ्या बाजूनं शोक. अंगणातल्या त्या भिंतीसारखाच, गिलावा एकाच बाजूला.

आणि पुढे तर गंमतच आहे. दोघं एकमेकांना भिडले तेव्हा झाडाआड धनुष्य ताणून उभा असलेला राम गोंधळला. वाली कोणता नि सुग्रीव कोणता, ओळखूच येईना. दुसऱ्या खेपेला सुग्रीवाच्या गळ्यात फुलांची वेल बांधावी लागली, तेव्हा बाण सुटला. भांडणारे भाऊ तिसऱ्याला सारखेच दिसतात. तोच आवाज, बोट रोखायची तीच तऱ्हा, रागानं थरथरणारा तोच डावा गाल, जो दोघांनी एकाच माणसाकडून घेतला. तुम्ही तुमच्या भावाशी भांडत असताना कुणी दाराआडून बघितलं असेल, तर त्यालाही वेल बांधल्याशिवाय माणूस ओळखता आला नसता.

थांबा. तुमच्या रागाचा चेहरा आठवा. तो तुम्ही कुणाकडून घेतला?

•

मराठीनं या सगळ्याला दिलेला शब्द उलटून बघा. भाऊबंदकी. भाऊ आणि बंधू, एकाच अर्थाचे दोन मायेचे शब्द शेजारी ठेवले, मागे 'की' लावली, आणि अर्थ झाला वैर. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनावरच्या १९०९ सालच्या नाटकाला हेच नाव दिलं. मायेचाच शब्द वैराला वापरायचं भाषेला सुचलं, कारण परक्याशी असं भांडता येत नाही. परक्याशी भांडायला आधी ओळख काढावी लागते.

मराठवाड्यात हे वैर बांधावर राहतं. दर पेरणीला औताचं एक तास जास्त घ्यायचं. वीतभरच. मग पुढच्या वर्षी पलीकडच्यानं तेच करायचं. बांध कोरला जातो, बांधावरची बाभळ मधेच लटकते आणि ती कुणाची यावर तहसिलात अर्ज जातो. २०२३ मध्ये राज्य सरकारनं एक योजना आणली, तिचं नाव सलोखा. एकाच्या जमिनीचा ताबा दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याच्या जमिनीचा पहिल्याकडे, असं किमान बारा वर्षं चाललं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्र १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. सलोख्याचा सरकारी दर दोन हजार. हसा, पण त्या अटीवर जरा थांबाही. बारा वर्षं दोन माणसं एकमेकांना शिव्या देत होती, आणि बारा वर्षं रोज सकाळी उठून एकमेकांचीच जमीन कसत होती.

या चित्रात एक माणूस आतापर्यंत आलं नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी वाटणीच्या दिवशी बहिणीला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा हक्कसोडपत्रावर सही करायला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं भाऊ त्या दिवशी एकाच गाडीत बसतात, बहिणीला मधे घेतात, वाटेत चहा पाजतात आणि संध्याकाळी साडी देऊन पोचवतात. अकरा वर्षांत त्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट. आपण चंदू आहोत असं दोघंही सांगत असताना चंदू गाडीत मधे बसलेली असते. नाटकातली प्रभाही अशीच: भाऊ वाड्यावरून भांडत राहतात आणि तिचं शिक्षण कुणाच्याच हिशेबात येत नाही. तुम्हाला बहीण असेल तर तिची सही डोळ्यांसमोर आणा. अक्षर कसं आहे तिचं?

थांबा.

•

आता थोडं कठीण काम. प्रत्येक भावाच्या मनात एक वही असते. तिच्यात कुणाकडून काय येणं आहे ते लिहिलेलं असतं, आणि ज्याच्याकडून येणं आहे त्यानं ती कधीच पाहिलेली नसते. तुमची वही उघडा. शेवटचं पान नको. शेवटच्या पानावर प्लॉट असतो, दुकान असतं, आईच्या बांगड्या असतात, दवाखान्याचं बिल असतं. मागे मागे जात पहिली नोंद शोधा.

पहिली नोंद बहुधा लहानपणची निघते. एकालाच आणलेली सायकल. एकालाच दाखवलेली खुलताबादची जत्रा. दोघांनी मिळून फोडलेली काच आणि एकाच्याच पाठीत बसलेला रट्टा. बापानं पाहुण्यांसमोर एकाचंच काढलेलं नाव. जमीन खूप नंतर आली. मुद्दल ती सायकल आहे. चार एकर हे तिच्यावरचं व्याज. कोर्टात व्याजाचा दावा वर्षानुवर्षं चालतो, आणि मुद्दलाचं नाव काढायची लाज वाटते. साठीच्या माणसानं न्यायाधीशासमोर सायकल कशी सांगायची?

ती पहिली नोंद सापडली असेल तर तिच्याजवळ बसा. खोडू नका. ती खरी आहे.

मग दुसरं काम. भावाची वही हातात घेतली अशी कल्पना करा आणि तुमच्या नावावरची फक्त एक नोंद, त्याच्या अक्षरात, लिहा. दहा नकोत. एकच, पण अशी की ती वाचून तो म्हणेल, हो, हेच. तुमची वही पाठ असते, ही मात्र आठवावी लागते. पेन अडखळेल, मधेच "पण तेव्हा मी..." असं सुरू होईल. तेवढं 'पण' बाजूला ठेवा आणि वाक्य पुरं करा.

थांबा. इथे सगळ्यांत जास्त थांबा.

कुणाचा गैरसमज नको म्हणून एक सांगून ठेवतो. भाऊ मारहाण करणारा असतो, आईबापाला उपाशी ठेवणारा असतो, खोट्या सहीनं जमीन उचलणारा असतो. असा भाऊ असेल तर आपलं रक्षण आधी. केस चालू असेल तर तारखेला जा, वकिलाची फी द्या, हक्काचं ते मागा. मनन म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. दुसऱ्याची वही वाचल्यानं आपली रद्द होत नाही. एवढंच कळतं की वह्या दोन आहेत.

•

परत निघताना पैठणच्या अंगानं जाऊ. पैठण तालुक्यात गोदाकाठी आपेगाव आहे, विठ्ठलपंतांचं गाव. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडलेली, आईबाप गेलेली, शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर उभी राहिलेली. वाटून घ्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं, म्हणून भांडण नव्हतं, असं एखादा भाऊ कुत्सितपणे म्हणेलही. पण रुसवा त्या घरातही होता. परंपरा सांगते की लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानदेव एकदा ताटी लावून आत बसले. जगावर रागावलेला माणूस दार मात्र घरच्यांवर लावतो, तसंच. तेव्हा सगळ्यांत धाकटी मुक्ताई ताटीबाहेर उभी राहिली आणि त्यांची समजूत घालत राहिली. त्यातूनच ताटीचे अभंग झाले. ताटी म्हणजे काय, तर कामट्यांचं, कुडाचं दार. आतल्याला बाहेरचं ऐकू येतं आणि बाहेरच्याला आतलं. लावून घेता येतं, पण कान बंद होत नाहीत.

आता पुन्हा त्या अंगणात या. रात्रीचे दोन वाजलेत. गिलावा एका बाजूला, उघड्या विटा दुसऱ्या बाजूला. थोरल्याची वही उशाशी, धाकट्याची वही उशाशी, नोटीस कपाटात. दोघंही झोपेत चंदू आहेत. नळातून हवा फुत्कारते.

श्वास नेहमीसारखा होऊ द्या. पाय हलवा, फोन सुलटा करा. लगेच भावाला फोन लावा असं मी सांगणार नाही. अकरा वर्षांचं बोलणं एका फोनवर मावत नाही आणि पहिल्या मिनिटातच तुळस निघते. पण तुमच्याही घरात कुठेतरी नळ आधी तुमच्याकडे वाजत असेल. आईच्या तब्येतीची बातमी आधी तुम्हाला कळत असेल, गावाकडचं बरंवाईट आधी तुमच्या कानावर येत असेल. तेव्हा बादली उचला आणि भिंतीवर आपटा. बोलू नका हवं तर. आवाज मात्र पलीकडे पोचेल एवढा करा.